पाण्यावरची फांदी

पिवळ्या फांदीबद्दल कोणीच काही बोललं नाही.

कुबोदेरांच्या घरची ही जुनी शिस्त. घराला आग लागली तरी आलेल्याला आधी प्रवास कसा झाला ते विचारायचं, चहा पुढे करायचा, आणि मग बादल्या कुठे ठेवल्यात ते बोलता बोलता सुचवायचं. त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शुहेई मूळ झाडाच्या छाटणीसाठी टोकियोहून अंग्योला आला, फाटकातून आत शिरला आणि तळ्याकाठचा मेपल बघून जागच्या जागी थबकला, तेव्हा त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "यंदा मुळे चांगले आलेत."

मुळ्यांचा वाफा तिथून कुठे दिसतही नव्हता.

"हो ना," त्याची धाकटी बहीण कानाको म्हणाली. "प्रवास कसा झाला, दादा?"

"चांगला झाला."

मग दोघं झाडाकडे पाठ करून उभी राहिली. आपण झाडाकडे बघत नाही आहोत, हे सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

झाड पार उघडं झालं होतं. एकूण एक लाल पान गळून खालच्या शेवाळावर पडलं होतं. आणि त्या उघड्या सांगाड्यातून दक्षिणेला, तळ्यावर झुकलेली एकच फांदी पानांनी गच्च भरलेली होती. मुळ्याच्या लोणच्यासारखी पिवळीजर्द. दुखवट्याला कोणीतरी चुकून भडक टोपी घालून यावं, आणि आता काढायची तरी कशी म्हणून तसंच बसून राहावं, तशी ती दिसत होती.

शुहेई एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत होता. दार किती वेळ उघडं राहावं हे ठरवणं, एवढंच त्याचं काम. दार मिटण्याआधी माणसाला थोडा विचार करता आला पाहिजे, असं त्याचं मत होतं. लिफ्टमध्ये आधीच चढलेल्यांचं नव्हतं. इथेही त्यानं बराच वेळ दार उघडं ठेवून पाहिलं. शेवटी त्यालाच राहवेना.

"बाबा काय म्हणतात?"

"खांदा दुखतो म्हणतात."

"आणि आई?"

"गुणगुणते."

शुहेईनं घराकडे पाहिलं. खांद्याचं एक वेळ ठीक होतं. पण आई गुणगुणते आहे म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

कानाकोला ते महिनाभर माहीत होतं. तिनं घराण्याचा निळा अंगरखा घातला होता. वसंतात वडिलांनी, यासुनोबुंनी, रोपवाटिकेचा कारभार सोडला तेव्हा तो तिच्या अंगावर आला, आणि अजूनही तो तिनं घातलाय की त्यानं तिला घातलंय हे नक्की ठरलं नव्हतं; बाह्या बोटांच्याही पुढे जात. आजची छाटणी तिची पहिली. मनातल्या मनात तिनं ती शंभरदा केली होती, आणि त्यातल्या एकाही छाटणीत काही पिवळं नव्हतं.

कारण हे झाड म्हणजे 'ओत्सुने'. आजोबा इसाबुरोंनी तिला रानातल्या रोपांतून निवडलं, तिची काडी साध्या मेपलच्या खुंटावर बांधली आणि तिला आपल्या बायकोचं नाव दिलं, कारण दोघींनाही लालबुंद व्हायला एक रात्र पुरे व्हायची आणि काय झालं ते कळायचं नाही. आज देशात जिथे म्हणून ओत्सुने आहे, तिथे याच झाडाची काडी गेलेली आहे. म्हणून मूळ झाडाचे नियम कडक. मूळ झाडात एकच रक्त. मूळ झाडाला लोखंड लावायचं नाही, छाटणी बोटांनी. अपवाद फक्त चोराचा. चोर म्हणजे कलमाच्या सांध्याच्या खालून, खुंटातून फुटलेला धुमारा. तो वाढू दिला तर वरचं कलम खाऊन टाकतो आणि झाड झाल्याचं सोंग घेऊन उभा राहतो. चोर दिसला की करवत, हे कानाकोला चालायला यायच्या आधी कळत होतं.

आणि पाण्यावरची फांदी नेहमी उघडी. हे कुठल्या नियमात नव्हतं, हा घराण्याचा डौल होता. नोव्हेंबरात पानांच्या कडा रंगू लागल्या की यासुनोबु तिपाई शिडीवर चढत आणि त्या एका फांदीचं पान न् पान खुडून टाकत. बाकीचं झाड पेटलेलं, आणि पाण्यावर ही एक काळी रेघ. "पाण्यावरची फांदी उघडीच शोभते," असं इसाबुरो पाहुण्यांना सांगत. अर्ध्या अंग्योनं ते उचललं. शेजारच्या तामाकींनी तर उत्साहात अख्खं झाडच खुडलं. ते मेलं, पण काय सुंदर मेलं, असं लोक म्हणाले. एका प्राध्यापकानं 'नसलेल्या पानांची सळसळ' या विषयावर व्याख्यान दिलं, आणि यासुनोबु पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत स्वतःच्या बुटांकडे बघत होते. सगळ्यांना वाटलं, केवढी ही नम्रता.

यंदा त्यांचा खांदा धरला. 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात तो. यासुनोबु शहात्तर वर्षांचे. डॉक्टर म्हणाले, उशिरा का होईना, आला.

"म्हणजे चोर आहे?" शुहेईनं कुजबुजत विचारलं.

"दुसरं काय असणार?" कानाको म्हणाली. "आणि काढायची तर आजच काढायला हवी. नवं वर्ष उलटलं की रस चढतो, मग करवत लागली की झाड रडतं. आपल्या घरात ते एकदा झालंय."

"हो," शुहेई म्हणाला. "आणि ते बघ, आलेच."

फाटकातून हिसाओमामा येत होते. आईचे, म्हणजे सुझुएचे, धाकटे भाऊ, सत्तर वर्षांचे, दातांचे डॉक्टर. त्यांची काळी बॅग कायम सोबत असे. लग्नाला जातानाही ते ती घरी ठेवत नसत, आणि लग्नात लोक त्यांच्यासमोर मोठ्यानं हसायला कचरत.

"हे पिवळं काय आहे?"

"मामा, प्रवास कसा झाला?"

"प्रवास गेला खड्ड्यात! माझ्या फांदीला काय झालं?"

हिसाओ 'माझी फांदी' म्हणत त्याला कारण होतं. विशी गाठायच्या आधी, एका मार्चमध्ये, मेपल खरंच रडतो का हे त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांनी करवत घेतली आणि मूळ झाडाची दक्षिणेची फांदी कापली. मेपल खरंच रडला. हिसाओंनी ते पाणी चाखून पाहिलं आणि धावत जाऊन वडिलांना सांगितलं की बाबा, गोड आहे. इसाबुरोंनी त्याच दिवशी त्यांना घराबाहेर काढलं. कारभार थोरल्या मुलीच्या नवऱ्याकडे, घरजावई यासुनोबुंकडे गेला, आणि हिसाओ दात काढायला शिकले. पुढे काही वर्षांनी त्याच जागी नवी फांदी आली. इसाबुरोंनी निरोप धाडला: झाडानं तुला माफ केलंय, घरी ये. फक्त झाडाला हात लावायचा नाही.

तेव्हापासून दर छाटणीला हिसाओ स्टुलावर बसून संत्री खात आणि इतरांच्या चुका काढत. आपल्याला एका झाडानं माफ केलंय, ही गोष्ट ते खुर्चीतल्या प्रत्येक पेशंटला सांगत. पेशंटचं तोंड भरलेलं असल्यामुळे आजवर कोणी शंका काढली नव्हती.

"मामा, रागावू नका," कानाको म्हणाली, "पण मला वाटतं, ती चोर आहे."

"चोर? माझी फांदी?"

"काढून टाक, कानाको."

हा आवाज ओसरीवरून आला. यासुनोबु उजवा हात झोळीत अडकवून उभे होते. "मामांशी वाद नको घालूस. वय झालंय तिचं. करवतीला मी काल धार लावून ठेवलीय."

"एका हातानं?" शुहेईनं विचारलं.

"जमतं."

कानाको वडिलांकडे बघत राहिली. या माणसानं त्या फांदीला पन्नास वर्षं लहान मुलासारखं हाताळलं होतं. बर्फ पडला की पहाटे उठून काठीनं तो हळूच झटकायचा. वादळात तिला दोरीनं बांधून स्वतः खाली उभा राहायचा, जसं काही पडलीच तर झेलणार आहे. आणि आज तिला कापायची सगळ्यात घाई त्यालाच? फांदीचं काय व्हायचं ते होवो, पण हे असं का, ते कळल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही, असं तिनं ठरवलं.

"आधी बघू," ती म्हणाली.

"काय बघायचंय त्यात?" यासुनोबु घाईनं म्हणाले.

"दाजी, तुम्ही गप्प बसा," हिसाओ म्हणाले. "तोंडात न बघता दात काढत नाहीत." त्यांनी बॅग उघडली, कपाळाला दिवा बांधला, लांब दांड्याचा छोटा आरसा काढला, आणि मग त्यांना आठवलं. हात हवेतच थांबला. सगळे ओसरीवर आलेल्या सुझुएकडे बघू लागले, कारण घरातले नियम त्यांनाच पाठ होते.

सुझुएचं गुणगुणणं क्षणभर थांबलं. "बंदी हाताला आहे. आरशाला नाही."

आणि गुणगुणणं पुन्हा सुरू.

हिसाओ ओव्हरकोटासकट शेवाळावर पालथे पडले. बुंध्याभोवती आरसा फिरू लागला. "हिरडी चांगली आहे… इथे थोडं कीटण… हं. हं." शुहेई त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. थोड्या वेळानं कानाकोही बसली. तिघांची डोकी बुंध्याला भिडली. आपल्याच झाडाला इतक्या जवळून आपण कधी पाहिलंच नव्हतं, असं तिला वाटलं. बुरशीचे हिरवट गोल, मुंग्यांची वाट, सालीवर पांढऱ्या बारीक रेघा.

"सांधा!" हिसाओ ओरडले. "हा बघ. खाली साल खडबडीत, वर नितळ. आता फांदी कुठून निघाली? वरून! चांगली हातभर वरून!" ते उठून बसले. कपाळावरचा दिवा सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. "चोर नाही! ऐकलंस, ताई? दाजी, ठेवा ती करवत. माझी फांदी अस्सल ओत्सुने आहे!"

"मग पिवळी का?" शुहेई म्हणाला.

"स्वभाव असतो एकेकीचा."

"मामा, एकाच रक्ताच्या झाडाची एकच फांदी वेगळ्या रंगाची होते का?"

"तू लिफ्टचं बघ."

पण शुहेई उठून झाडाच्या मागे गेला होता. त्याच्या डोक्यात एक साधा प्रश्न होता: समोरून बाहेर पडलेली वस्तू आत कुठून शिरली? लिफ्टवाल्याला तो पडणारच. "मामा, जरा इकडे उजेड."

उत्तरेच्या बाजूनं, फांदीच्या नेमक्या पाठीमागे, शेवाळाखाली एक गोल उंचवटा होता. मधोमध खळगा. हिसाओंनी बारीक आकडी काढली, शेवाळ बाजूला केलं, खळग्यात हळूच टोचून पाहिलं. आकडी त्यांनी पुन्हा एकदा आत फिरवली.

"ही बेंबी आहे," ते म्हणाले.

कानाकोला मात्र बघताक्षणी कळलं. आरपार कलम. खोडाला एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत भोक पाडायचं, शेजारी कुंडीत जिवंत रोप ठेवायचं, आणि हिवाळ्यात त्याची उघडी काडी त्या भोकातून ओवायची. काडी आतल्या आत फुगते, खोडाला चिकटते, एकजीव होते. मग कुंडीकडची बाजू तोडून टाकायची. पुढे फांदी राहते, मागे बेंबी. हे काम सोपं नाही. आणि मूळ झाडावर ते करणं म्हणजे देवळाच्या घंटेला भोक पाडून त्यात दुसरी घंटा बसवणं.

"हे बाहेरचं आहे," ती हळूच म्हणाली. "हे कोणीतरी बसवलंय."

तळ्यातला मासा पाण्यावर येऊन, परिस्थिती बघून परत खाली गेला.

यासुनोबु ओसरीवरून उतरले, अनवाणीच, आणि झाडासमोर कमरेत वाकले. खांद्यामुळे ते थोडे तिरपे वाकले. "मी केलं," ते म्हणाले. "दोष माझा आहे. कापा, आणि विषय संपवा."

"तुम्ही?" सुझुए म्हणाल्या.

गुणगुणणं कायमचं थांबलं होतं.

"अहो, गिरमिट नुसतं बघून तुम्हाला घेरी येत होती. तुम्ही पेंढा धरून उभे होतात, डोळे मिटून. भोक मी पाडलं."

"अगं, कशाला आता…"

"का नाही? पन्नास वर्षं नुसतं कौतुक ऐकलं मी दुसऱ्याचं. भोक सरळ पडलंय बघा. एका रेषेत. बाबा मला काडीला हात लावू द्यायचे नाहीत, बाईच्या हाताला कलम लागत नाही म्हणायचे. लागलं की नाही?"

हिसाओ आरसा हातात धरून उभे होते. कपाळावरचा दिवा अजून चालू होता. "पण का?"

"तुझ्यासाठी रे," सुझुए म्हणाल्या. "बाबा रोज सकाळी दात घासत इथे यायचे. तू कापलेल्या खाचेकडे बघायचे, तुझं नाव घ्यायचे आणि चूळ थुंकायचे. वर्षानुवर्षं. मला वाटलं, ती खाचच बुजली तर? यांनी चिचिबुच्या डोंगरातून एक मेपलचं रोप आणलं होतं. घरजावई म्हणून आले, आडनाव टाकून आले, माहेरचं म्हणून तेवढी एक कुंडी. म्हटलं, द्या ती."

"आणि दाजींनी दिली?"

"एक शब्द बोलले नाहीत. घेरी आलेली होती ना."

यासुनोबु अजून वाकलेलेच होते. आता शरमेपेक्षा खांदा अडकल्यामुळे असावं. शुहेईनं त्यांना हळूच सरळ केलं.

"कुंडी मागे दगडावर ठेवली," ते म्हणाले. "वरून बुंध्याला थंडीचा पेंढा गुंडाळला. उन्हाळ्यात दोन्हींची पानं सारखीच हिरवी, कोणाला काही कळेना. पण पहिल्या शरदात बघतो तर काय, पिवळी! सासरे पाहुणे घेऊन येणार, आणि ही पिवळी! मी शिडी लावली आणि सगळी पानं खुडली. दुसरं काही सुचेना. मग दर वर्षी तेच."

शुहेईनं तोंडावर हात ठेवला. प्राध्यापक, तामाकींचं सुंदर मेलेलं झाड, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. सबंध अंग्यो गेली पन्नास वर्षं एका घाबरलेल्या जावयाची नक्कल करत होतं.

हिसाओंना हसू आलं नाही. त्यांनी दिवा विझवला.

"म्हणजे झाडानं मला माफ केलंच नाही."

ते आरसा हातात उलटासुलटा करत राहिले.

"मी गावभर सांगत फिरलो. दाढ काढताना सांगितलं, कवळी बसवताना सांगितलं. झाडानं माफ केलं म्हणे! आणि मला माफ केलं कोणी? गिरमिटानं!" त्यांनी आरसा बॅगेत टाकला. "बरोबर सांगत होते दाजी. बाहेरचं आहे. एकच रक्त, हा नियम आहे ना? कापा."

"हिसाओ…"

"ताई, तू बोलूच नकोस. कानाको, कारभारीण तू आहेस. काप ती."

आणि ते जाऊन स्टुलावर बसले, झाडाकडे पाठ करून. ही पाठ शिस्तीची नव्हती.

कोणाला काही सुचेना तेव्हा कुबोदेरा जेवतात. ओसरीवर भाताचे गोळे आले, वाफाळता मुळ्या-अंड्यांचा रस्सा आला. हिसाओंचा वाडगा शुहेईनं स्टुलाशी नेऊन ठेवला. तो तसाच निवत राहिला.

"आई, मला एक कळत नाही," कानाको म्हणाली. "बाबांचा खांदा दुखत होता. पण पानं खुडायला कोणालाही सांगता आलं असतं. दादाला सांगितलं असतं, मला सांगितलं असतं, घराण्याचा डौल म्हणून. आम्ही काय विचारणार होतो?"

"मला सांगितलं होतं यांनी," सुझुए म्हणाल्या. "तुला शिडी लावून चढव, म्हणाले. शिडी मी तामाकींना देऊन टाकली."

यासुनोबुंचा घास हातातच राहिला. "तू म्हणालीस मोडली!"

"मी लावलेली फांदी," सुझुए म्हणाल्या, "आणि मी तिचा रंग कधी पाहिलाच नाही. दर वर्षी कडा पिवळ्या व्हायला लागल्या की तुम्ही वर. चौऱ्याहत्तर वर्षांची झाले मी. म्हटलं, एकदा तरी बघू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे." त्या फांदीकडे बघत रस्सा प्यायल्या. "मला वाटलं नव्हतं इतकी पिवळी असेल. बेशरमच आहे."

यासुनोबुंनीही मग पाहिलं. पन्नास वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, खुडायच्या घाईशिवाय. चिचिबुला त्यांच्या घरामागचा उतार ऐन शरदात असाच दिसायचा. हे मात्र ते बोलले नाहीत. आणखी एक अंडं घेतलं त्यांनी.

हिसाओ जेवले नाहीत, पण हात रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती. स्टुलावर बसून ते अवजारं पुसत होते. आकडी कागदानं पुसली आणि कागदाकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कीड दिसते," ते स्वतःशीच म्हणाले. कागदावर काळा डाग उमटला होता. त्यांनी तो बोटानं चोळला. कीड अशी चमकत नाही. "कानाको, इकडे ये. हे काय आहे?"

कानाकोनं कागद उन्हात धरला, नखानं पापुद्रा सुटा केला, जिभेच्या टोकानं ओला करून तळहातावर ओढला. काळी, सुबक रेघ उठली.

"शाई," ती म्हणाली.

इसाबुरो मूळ झाडाच्या प्रत्येक जखमेवर कुंचल्यानं शाई लावत, म्हणजे पाणी मुरत नाही आणि बुरशी धरत नाही. दगडावर शाई ते स्वतः उगाळत. तो दगड, तो कुंचला, दुसऱ्या कोणी उचललेला त्यांना खपत नसे. त्यांच्यामागे कोणी उचललाही नाही. हल्ली बाटलीतला लेप वापरतात.

"आई, बेंबीवर तुम्ही शाई लावली होतीत?"

"आम्ही? बाबांच्या शाईला हात लावायची छाती होती कोणाची? चिखल थापला आणि पळालो."

"मग शाई लावली कोणी?"

सुझुएनं यासुनोबुंकडे पाहिलं, यासुनोबुंनी सुझुएकडे. पन्नास वर्षं एकच गुपित सांभाळणाऱ्या दोघांना, ते तिघांचं होतं हे एकाच क्षणी कळलं, की चेहरे जसे होतात तसे त्यांचे झाले.

"पेंढा गुंडाळलेला बघून ते म्हणाले होते," यासुनोबु हळूहळू म्हणाले, "यंदा आपल्या झाडाला फारच थंडी वाजते वाटतं. मी म्हटलं, हो. आणि त्या पहिल्या वर्षी… पाहुणे आले. फांदी बोडकी. सगळे बघायला लागले. माझी तर बोबडी वळली. आणि सासरेच पुढे झाले. म्हणाले, पाण्यावरची फांदी उघडीच शोभते." ते थांबले. "मला वाटलं, किती भोळा माणूस आहे हा."

हिसाओ उठले. कोणाशी न बोलता झाडामागे गेले, दिवा लावला, आरसा धरला. खळग्याच्या कडेनं अजून काळं होतं. एकदाच नव्हे, थरावर थर, दर वर्षीचा एक असावा. ते बराच वेळ तिथेच वाकून होते. काय बघत होते कोणास ठाऊक. झाडामागून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी शिस्तीत न दिसणाऱ्या मुळ्यांकडे बघितलं.

ते बाहेर आले तेव्हा कानाको अंगरख्याच्या बाह्या दुमडत होती. एक घडी, दुसरी घडी, तिसरी. हात दिसू लागले.

"एकच रक्त, हा नियम आजोबांचा," ती म्हणाली. "शाईही आजोबांची. त्यातली नंतरची कुठली?"

"शाई," शुहेई म्हणाला.

"मग शाई चालेल. फांदी राहील."

"आणि पानं?" यासुनोबुंनी विचारलं.

"पुढच्या वर्षीपासून खुडायची नाहीत."

"अगं, गावात काय तोंड दाखवायचं? तामाकींना काय सांगायचं?"

"पिवळी आहे म्हणून सांगायचं. प्राध्यापक आहेत ना, ते पिवळ्यावरही बोलतील. दादा, तामाकींकडून शिडी घेऊन ये. कशाला हवी विचारलं तर मुळ्यांचं बोल."

शिडी आली. दोन पाय शेवाळावर, तिसरा पाण्याच्या काठाशी, अशी ती फांदीखाली उभी केली. सुझुएनं सवयीनं ती धरली. कानाको मात्र चढली नाही. ती स्टुलाकडे वळली.

"मामा, ही फांदी तुम्ही करा."

हिसाओंनी मागे वळून पाहिलं, जसं काही मागे दुसरे मामा उभे आहेत. "मला बंदी आहे."

"होती. तुम्हीच म्हणालात, कारभारीण मी आहे."

"अगं, मी आयुष्यात कधी… कात्री दे तरी."

"लोखंड नाही. बोटांनी. पिकलेली पानं नुसत्या स्पर्शानं पडतील, ती पडू द्या. मग जिथे तीन काड्या फुटल्यात तिथली मधली धरायची. मागे वाकवायची. पेरावर आपोआप तुटते. घाई केली की साल सोलून येते."

"ओढायची नाही," यासुनोबु खालून म्हणाले.

"ओढायची नाही म्हणे! दाजी, गावातल्या अर्ध्या दाढा मी काढल्यात."

"म्हणूनच सांगतोय."

हिसाओ चढले. ओव्हरकोट काढायचा राहून गेला. त्यांचं डोकं पिवळ्या पानांत शिरलं आणि पानं भराभर त्यांच्या खांद्यांवर, तळ्यावर पडू लागली. थोड्याच वेळात फांदी मोकळी झाली आणि मामा पिवळे झाले. त्यांनी एक तिहेरी काडी निवडली. मधलीवर अंगठा ठेवला. तो उचलून कोटाला पुसला आणि पुन्हा ठेवला. ते आणखी जवळ वाकले आणि सवयीनं, खुर्चीतल्या माणसाशी बोलतात त्या आवाजात म्हणाले,

"दुखलं तर डावा हात वर कर."

खाली उभी असलेली चौघंही, का कोण जाणे, फांदीकडे बघत थांबली. कुठलाही हात वर झाला नाही.

टक्.